झाकलेलं ताट

दत्ताने आज खळ्याचा व्हिडिओ पाठवला. दत्ता माझा धाकटा भाऊ. धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथली शेती तो बघतो. व्हिडिओत त्याचं तोंड दिसत नाही, नुसते हात दिसतात आणि भाताची पेंढी लाकडावर आपटल्याचा आवाज येतो. धप्. मग दाण्यांची सरसर. मग पुन्हा धप्. मी इथे गॅसपाशी उभी राहून तो आवाज ऐकत होते आणि भांड्यातलं दूध उतू गेलं. शेवटी आये बोलली. ती कॅमेऱ्यात येत नाही, तिला वाटतं फोटोत माणूस थोडं थोडं संपतं. नुसता आवाज आला, "तुजं ताट झाकलंय गो. येशील तवा ये."

दरवर्षी कापणी झाली की ती हेच म्हणते. मागच्या वर्षीच्या हंगामापासून मला ते वाक्य नीट ऐकू येतं. त्याआधी नुसतं कानावरून जायचं.

मी राहते ते बंदर इटलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठावर आहे. गावाचं नाव लिहीत नाही. राहण्याची परवानगी दुसऱ्याच्या सहीवर असली की माणूस नावं जपून लिहितं.

आमच्याकडे दसऱ्याच्या आगेमागे लवकर पिकणारं हळवं भात कापायला येतं, गरवं त्यानंतर. ऊन असं पडतं की ओल्या बांधातून वाफ निघते. कापणाऱ्या बायांच्या हातावर पात्याच्या बारीक रेघा उठतात. कापताना त्या कळत नाहीत, आंघोळीचं पाणी लागलं की बोलतात. पहिलं भात झोडून, कांडून घरात शिजवलं की त्याला आम्ही नवं म्हणतो. नव्या तांदळाचा भात मोकळा होत नाही, त्याचा गोळा होतो. पण झाकण काढलं की वास शेजारच्या घरापर्यंत जातो आणि शेजारीण विचारते, "झालं का गो नवं?" आधी देवाला, मग गोठ्यात बैलांना, मग माणसांना.

आमच्या घरात त्यात आणखी एक रीत आहे. घरातलं जे माणूस बाहेर असेल त्याचं ताट वाढायचं, त्यावर दुसरं ताट उपडं घालायचं आणि चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवायचं. माझे बाबा वाशिंदच्या एका कारखान्यात रोजावर जायचे. तिथेच कुणाच्या तरी खोलीवर राहायचे आणि आठवड्याने घरी यायचे. म्हणून माझ्या लहानपणी ते झाकलेलं ताट बहुतेक त्यांचंच असायचं. ते आले तर त्यांनी खायचं. नाही आले, तर पुढच्या जेवणाआधी जो पहिला दारात येईल त्याला ते द्यायचं. टाकायचं नाही. घरातल्यांनी त्याला हात लावायचा नाही. आणि आलेल्याने नाही म्हणायचं नाही.

एका वर्षी आमच्या शाळेतले गुरुजी दारात आले. मी आठवीनंतर शाळेत जायची थांबले होते. कापणीला हात कमी पडत होते, आणि पुढची शाळा लांब होती. गुरुजी चांगलेच तापून आले होते. अंगणातूनच सुरुवात केली, "पोरीचं वाटोळं करता तुम्ही!" आयेने पाट मांडला आणि बाबांचं ताट त्यांच्यापुढे उघडलं. गुरुजी गावातच राहिलेले, त्यांना रीत ठाऊक. बसले. नव्याचा भात, वालाचं बिरडं, सुकट. जेवता जेवता त्यांचा आवाज खाली आला. खाल्लेल्या घरात भांडता येत नाही. हात धुताना म्हणाले, "सोमवारपासून पाठवा." आये म्हणाली, "व्हय गुर्जी." सोमवार आला आणि आम्ही खालच्या वावरातलं भात कापायला गेलो. माझी शाळा ही अशी, भरल्या पोटाने संपली. मला त्याचं फार दुःख नाही. आहे ते एवढंच की गुरुजी त्या दिवशी उपाशी आले असते आणि ताट झाकलेलं नसतं, तर कदाचित ते जिंकले असते.

पितृपक्षातलं पान निराळं. ते मेलेल्यांचं. ते उघडं असतं, घराबाहेर कौलावर ठेवायचं, कावळ्यासाठी. आये म्हणायची, मेल्याचं उघडं नि बाहेर गेल्याचं झाकलेलं, एवढं चुकू नको, बाकी काय पण चुक.

मी इथवर कशी आले ते थोडक्यात. वाशिंदला नव्या वसाहतीत एका म्हाताऱ्या बाईंचं सगळं मी करायचे. त्यांची मुलगी लग्न करून इकडे आलेली. तिच्या सासूला माणूस हवं होतं, म्हणून तिनं मला बोलावून घेतलं. सासू पुढे इस्पितळात वारल्या. मी परत जायच्या बेतात होते. तेव्हा त्यांच्या वॉर्डातली नर्स मार्ता मला म्हणाली, "तू माझ्या वडिलांकडे राहशील का?" ती माझ्यासाठी कचेऱ्यांच्या रांगांत उभी राहिली. काचेपलीकडच्या माणसाने माझ्याशी जोरात बोलायला सुरुवात केली की ती त्याच्याहून जोरात बोलायची. आपल्यासाठी कुणी आवाज चढवणं मला तोवर माहीत नव्हतं. तिच्या नावावर माझं इथलं राहणं आहे. हे उपकार मी मोजत नाही, पण विसरतही नाही. सकाळी दिवा लावताना तिचं नाव आपोआप येतं.

तिच्या वडिलांना मी नोन्नो म्हणते. नोन्नो म्हणजे आजोबा. ते चाकाच्या खुर्चीत असतात. तरुणपणी ते बंदरावरच्या हमालांचे पुढारी होते, मग बरीच वर्षं इथल्या नगरपालिकेत. पाय गेले, पण सभेतला आवाज राहिला. टीव्हीवर कुणी पुढारी बोलू लागला की हे त्याच्याशी भांडतात आणि मधेच मला विचारतात, "कुंदा, बरोबर की नाही?" मी म्हणते, बरोबर. दुसऱ्या पक्षाच्या माणसाला मी बरोबर म्हटलं की जेवत नाहीत.

मागच्या वर्षी इथला उन्हाळा उतरत असताना गाझाला मदत घेऊन बोटी जाणार असं ठरलं. तिथे लढाई, तिथे उपासमार, आणि समुद्राकडून कुणी जाऊ नये अशी बंदी. वेगवेगळ्या देशांतून बोटी निघणार, वाटेत एकत्र होणार. त्यातल्या काही आमच्या बंदरातून सुटायच्या होत्या. मार्ता नर्स म्हणून जाते म्हणाली. नोन्नो चिडले. "मी आयुष्यभर यावर भाषणं दिली. पण बोटीत चढ असं कुणाला सांगितलं नाही." मार्ता हसली. "म्हणून तर कुणी चढलं नाही, पप्पा."

धक्क्यावर माल चढत होता. दुधाची पावडर, बँडेज, कुबड्या, तांदूळ. कुणी पाववाल्याने पिठाच्या गोण्या दिल्या. मी दुकानातल्या तांदळाची एक पिशवी दिली, आणि पिशवीचं तोंड आमच्याकडे बी-भाताचं बांधतात तसं बांधलं, दुहेरी पीळ देऊन. एक म्हातारा कोळी जाळं शिवत बसला होता. तो मार्ताला म्हणाला, "बापाला पास्ता करून द्यायला वेळ नाही, आणि जगाला जेवायला घालायला निघाली!" मार्ता म्हणाली, "बापाला कुंदा आहे. जगाला कोण आहे?" सगळे हसले. कोळीही हसला आणि उठून त्याने तिची पिशवी बोटीत टाकली.

जाताना मला म्हणाली, "तुझ्या कागदाचं आल्याबरोबर करू. घाबरू नकोस." माझी परवानगी त्याच दिवसांत नवी करायची होती आणि तिला स्वतः कचेरीत यायला लागणार होतं. मी नाही घाबरत म्हटलं. मी घाबरते तेव्हा हेच म्हणते.

मग वाट बघण्याचे दिवस. नोन्नोंच्या फोनवर नकाशा होता आणि त्या निळ्यावर बोटींचे ठिपके. ते ठिपके हलताना दिसत नाहीत. पण चहा करून परत यावं तर थोडे पुढे गेलेले असतात, जसं भात वाढताना दिसत नाही. इथल्या सरकारचं एक लढाऊ जहाज काही अंतर त्यांच्यासोबत गेलं आणि एका ठरावीक रेषेपाशी थांबलं. टीव्हीवर त्याची चर्चा चालली. कुणी म्हणालं, फार केलं. कुणी म्हणालं, पाठ फिरवली. मला आमची वेस आठवली. पाहुण्याला आम्ही वेशीपर्यंत पोचवतो. त्यापुढे त्याचं नशीब, हे न सांगता ठरलेलं असतं. वेशीवरून परतणाऱ्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. पण वेशीपलीकडे बिबट्या आहे हे दोघांनाही ठाऊक असेल तर काय म्हणायचं, हे आमच्या रीतीत नाही.

ज्या दिवशी बोटी अडवल्या, त्या सकाळी नोन्नो माझ्याआधी जागे होते. फोनवरचे ठिपके एकेक करून थांबले होते. बोटींवरच्या कॅमेऱ्यांत आधी माणसं हात वर करून बसलेली दिसली, मग नुसता राखी पडदा. मार्ताचा शेवटचा निरोप होता, "ते आले. आम्ही ठीक आहोत. पप्पांना गोळी दे." मी गोळी दिली. माझ्या जिवाला दोन घोर होते, एक मार्ताचा आणि एक कागदाचा. कुठला मोठा ते मी बघितलं नाही.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसते शब्द. जगात इतकी माणसं इतक्या लवकर बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. अडवणारे म्हणाले, ही युद्धातली नाकेबंदी आहे, कायद्याने आहे, माल आमच्या बंदरात उतरवा, आम्ही तपासून पोचवतो, आणि बोटीवरचे लोक तमाशा करायला आलेत. बोटीवाल्यांचे लोक म्हणाले, समुद्र सगळ्यांचा आहे, तिथे आम्हाला धरणं हीच चोरी. एका देशाने राजदूत परत पाठवला. एकाने पत्रक काढलं. इथल्या सरकारने आपल्या लोकांच्या सुरक्षिततेकडे लक्ष आहे म्हटलं आणि वर हेही म्हटलं की गेले नसते तर बरं झालं असतं. विरोधी पक्षाने सभागृहात फलक धरले. बंदरावरच्या हमालांनी काम बंद ठेवलं आणि क्रेन बगळ्यांसारख्या एका पायावर उभ्या राहिल्या.

नोन्नो हे सगळं ऐकायचे आणि मला अर्थ सांगायचे. अशी पत्रकं त्यांनी स्वतः लिहिलेली, त्यामुळे त्यांना आतलं माहीत. "चिंता व्यक्त केली म्हणजे काही करणार नाही. तीव्र चिंता म्हणजे काही करणार नाही, पण उद्या परत बोलणार. परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत म्हणजे टीव्ही चालू ठेवलाय." आपणही तेच करतोय हे लक्षात आलं की टीव्हीचा आवाज कमी करायचे.

त्याच दिवसांत दत्ताचा फोन आला. आमच्याकडे कापून आडवं टाकलेल्या भातावर पाऊस पडला होता. पेंढ्या उलटल्या तर खालच्या दाण्यांना कोंब फुटलेले. मी विचारलं, "पंचनामा झाला का?"

"निवेदन दिलंय ना मुरबाडला, तहसीलदाराला," दत्ता म्हणाला. "मीच व्हतो सोबत. दोन मागण्या टाकल्यात. भिजल्या भाताचा पंचनामा करा ही एक."

"आणि दुसरी?"

"ती तुज्याकडची जहाजं अडवली ना, त्याचा निषेध."

"अरे, त्याचं तहसीलदार काय करणार?"

"पक्षाचा माणूस बोलला, मोबाईलवर समदीकडं तेच चाललंय, आपन पण टाकू. मंग मी बोललो, दोनदोनदा मुरबाडला कोन जाल? येस्टीचा टाइम नाय धड. येकातच दोनी घाला."

"तहसीलदार काय म्हणाले?"

"दोनीची गंभीर दखल घेतो बोलले."

मी किती दिवसांनी हसले. नोन्नोंना सांगितलं तर ते खुर्ची हलेपर्यंत हसले आणि मग डोळे पुसत म्हणाले, "आजवरचं सगळ्यात प्रामाणिक पत्रक. पाऊस आणि युद्ध, दोन्हीचं उत्तर एकच." पुढच्या धसईच्या बाजाराला दुसऱ्या पक्षाने फलक लावला म्हणे, आधी आपल्या शेतकऱ्याचं बघा, जगाचं मग. दत्ता म्हणाला, "फलक लावनारं नि निवेदन देनारं येकाच गाडीनं घरी गेलं." भात तिकडे भिजतच होतं.

दत्ताच्या त्याच फोनवर आये बोलली होती. भिजल्यातलंच बरं निवडून घरात नवं केलं, तुजं ताट झाकलं. ते ऐकलं आणि मीही केलं. इथे नवं भात कुठलं, दुकानातला जाड तांदूळ चिकट होईल असा शिजवला, सोबत डाळीची भाजी. नोन्नोंचं वाढलं, माझं वाढलं, आणि मार्ताच्या जागेवर तिचं ताट वाढून वर दुसरं ताट उपडं घातलं.

नोन्नोंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मग लाल झाला. "उचल ते!"

मला कळेना. "मार्ताचं आहे."

"म्हणून म्हणतो, उचल! ती मेलेली नाही!"

तेव्हा समजलं. इकडे शरदात मेलेल्यांचा दिवस असतो. त्या रात्री टेबल मांडून ठेवतात, घरातले गेलेले येऊन जेवून जातात म्हणून. नोन्नोंच्या बायकोचं ताट ते दरवर्षी मांडायला लावतात. तो दिवस तोंडावर आला होता आणि मी त्यांच्या जिवंत मुलीचं पान मांडून बसले होते. मी घाईघाईने मोडक्या भाषेत बोलायला लागले. हे तसं नाही. आमच्याकडे मेल्याचं उघडं असतं, घराबाहेर असतं. हे झाकलेलं आहे. झाकलेलं म्हणजे येणार आहे, जेवण थंड होऊ नये म्हणून. बाबांचं असायचं. आता माझं असतं. बघा, मी मेलीये का?

नोन्नोंनी वरच्या ताटाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "तुझं ताट आत्ता, तुझ्या आईकडे झाकलेलं आहे?"

"हो."

"आणि ते कोण खातं?"

"दारात जो येईल तो."

त्यांनी चमचा उचलला. "राहू दे," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी रोज ताट झाकू लागले. नवं एकदाच असतं, रोज झाकायची आमची रीत नाही. पण वाट रोज बघत होतो, मग काय करणार. दारात येणाऱ्यांनी ते खाल्लं. टपालवाल्याने, खालच्या मजल्यावरच्या बाईने, मार्ताला टोमणा मारणाऱ्या त्या कोळ्याने. तो तर मीठ कमी आहे म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

मग नगराध्यक्ष आले. पन्नाशीचा माणूस, नोन्नोंच्याच हाताखाली राजकारण शिकलेला, पुढे दुसऱ्या पक्षात गेलेला. मार्ता बोटीत चढली तेव्हा तो म्हणाला होता की नगरपालिकेचा याच्याशी संबंध नाही. आता गावातले लोक रस्त्यावर होते, तेव्हा तो कॅमेरा घेऊन घरी आला. नोन्नोंचे हात हातात घेतले, खाली वाकला, सगळं नीट केलं. मग त्याला ते ताट दिसलं. राजकारणी माणसाचे डोळे मी तेव्हा जवळून पाहिले. शिकाऱ्याला पाऊल दिसावं तसे ते थांबले. कॅमेऱ्याकडे वळून तो म्हणाला, "हे रिकामं ताट बघा. एका बापाच्या टेबलावरचं रिकामं ताट आज साऱ्या शहराला प्रश्न विचारतंय."

"रिकामं नाही ते," नोन्नो म्हणाले. "कुंदा, उघड."

मी उघडलं. वाफ थोडी राहिली होती. कॅमेरा माझ्या हातांवर आला आणि मी ओढणी तोंडावर घेतली. टीव्हीवर दिसले तर कागदाचं काय होईल हा एकच विचार डोक्यात.

नोन्नो सभेतल्या आवाजात म्हणाले, "हिच्या गावची रीत आहे. येणारा आला नाही तर दारात पहिला येईल त्याने हे खायचं. नाही म्हणायचं नाही. आज पहिला तू आलास. बस."

नगराध्यक्षांनी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसून बसले. दोन चमचे खाल्ले, छान आहे म्हणाले. कॅमेरावाल्याला हवं ते मिळालं, त्याने दिवा बंद केला. नगराध्यक्षांनी चमचा खाली ठेवला.

"सगळं," नोन्नो म्हणाले.

"मी जेवून आलोय, खरंच."

"ती जेवलीये का तुला माहीत आहे? मला माहीत नाही. सगळं खा, पोरा."

तो खाऊ लागला. जड जात होतं, दिसत होतं. अर्धं झाल्यावर त्याने टाय सैल केला. ताट पुसून खाल्लं आणि मग हलक्या आवाजात, कुणाला ऐकवण्यासाठी नाही, विचारलं, "तिचं काही कळलं का खरंच?" नोन्नोंनी मान हलवली, नाही. तो उठून जिन्यात गेला. दार उघडंच होतं. सरकारातल्या कुणातरी माणसाशी तो फोनवर चिडून, इथल्या गावठी भाषेत भांडत होता, पत्रकातल्या भाषेत नाही. मला गुरुजी आठवले. खाल्लेल्या घरात भांडता येत नाही हे खरं. पण खाल्लेल्या घरासाठी भांडता येतं का, तो प्रश्न माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला. त्याच्या भांडणाने काही झालं की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

टीव्हीवर मात्र दोनच चमचे दिसले. त्यानंतर ताटाचं जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. लोकांनी गॅलरीत झाकलेली ताटं ठेवली. चौकातल्या पायऱ्यांवर ओळीने ठेवली. त्या बहुतेक ताटांत काही नव्हतं. एका पुढाऱ्याने सभेत ताट उंच धरलं. दुसऱ्याने म्हटलं, ही नाटकं आहेत, भुकेल्याला ताट दाखवून पोट भरत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबरच वाटले. दत्ताने कुठूनतरी तो व्हिडिओ मिळवून आयेला दाखवला. ती माझा चेहरा ओढणीत शोधत बसली नाही. हात बघून म्हणाली, "कुंदीच हाय. पन भात पचपचीत केलाय."

मार्ता विमानाने परत आली. तिला आणि बाकीच्यांना तिथून बाहेर पाठवून दिलं होतं. बोट गेली, कुबड्या गेल्या, तांदूळ कुठे गेला ते कुणी सांगितलं नाही. माझी पिशवी कुणी सोडली असेल तर त्याला तो दुहेरी पीळ सुटायला वेळ लागला असेल. विमानतळावर ढोल होते, फुलं होती, सगळ्या पक्षांची माणसं होती. ती माझ्या गळ्यात पडून कानात म्हणाली, "उद्या कचेरीत जाऊ." मला तेव्हा रडू आलं. मनगटावर तिच्या काळसर वळ होते.

घरी आली. टेबलावर तिचं ताट होतं. तिने वरचं ताट उचललं आणि जेवली. मधेच एकदा म्हणाली, "गाझातले लोक आमची वाट बघत होते म्हणे. किनाऱ्यावर काही लोक रोज येऊन उभे राहायचे, बोटी दिसतात का बघायला. कुणीतरी सांगितलं." मग पुन्हा खाली बघून जेवू लागली.

नोन्नोंनी खुर्ची सरकवत फडताळापाशी नेली. एक ताट काढलं, मांडीवर ठेवून परत आले आणि भांड्यातला भात त्यात वाढू लागले. शितं टेबलावर सांडत होती. मला वाटलं बायकोसाठी, कारण तो मेलेल्यांचा दिवस अगदी जवळ होता. पण त्यांनी ताट बायकोच्या जागेवर ठेवलं नाही. समुद्राकडच्या खिडकीपाशी ठेवलं. मार्ताने चमचा थांबवला.

मार्ताने काढून ठेवलेलं वरचं ताट त्यांनी हातात घेतलं. मग मला विचारलं, "कुंदा, त्या किनाऱ्यावरच्या माणसांचं कसं? झाकायचं, की उघडं ठेवायचं?"

समुद्रापलीकडे कोण उरलं आहे आणि कोण नाही, ते मला कसं कळणार? मी आठवी शिकलेली बाई. रीत मला एवढीच माहीत.

"झाका," मी म्हणाले.